मदत हवी आहे: दुसऱ्या पिढीच्या आकड्यांवरून पुनर्योजनाचे (दोन जनुकांच्या मूळ जोड्या मोडून नव्या जोड्या बनण्याचे) प्रमाण कसे काढावे?

बेटसन, साँडर्स आणि पनेट या आनुवंशिकी संशोधकांच्या गोड वाटाण्यावरील संकरात दुसऱ्या पिढीत जांभळी फुले व लांब परागकण असलेली 284, जांभळी व गोल 21, लाल व लांब 21 आणि लाल व गोल 55, अशी एकूण 381 झाडे मिळाली होती. हे स्वतंत्र जनुकांसाठी अपेक्षित असलेले 9:3:3:1 प्रमाण नाही, म्हणजे दोन्ही जनुके सहलग्न (एकाच गुणसूत्रावर जवळजवळ) आहेत, इथपर्यंत शंका नाही. मूळ जनकांपैकी एकात दोन्ही प्रभावी (जांभळी, लांब) आणि दुसऱ्यात दोन्ही अप्रभावी (लाल, गोल) गुण होते.

दोन्ही अप्रभावी गुणांच्या झाडांचे प्रमाण 55/381, म्हणजे 0.144 आहे. त्याचे वर्गमूळ 0.38 हे तशा युग्मकांचे (प्रजनन पेशींचे) प्रमाण मानून दुप्पट केले आणि ते 0.76 एकातून वजा केले, तर पुनर्योजन 24 टक्के येते. मात्र 21 च्या गटावरून हेच गणित केले (0.25 मधून 0.055 वजा करून उरलेल्याचे वर्गमूळ), तर ते जेमतेम 12 टक्के येते. एकाच संकरातून इतकी वेगळी उत्तरे यावीत, हे मला फार खटकते. लाल फुलांची झाडे 76 म्हणजे 20 टक्केच आहेत, 25 नाहीत. अपेक्षित 3:1 प्रमाणाशी तुलना करणाऱ्या काई-वर्ग कसोटीचे मूल्य 5.2 येते आणि ते 3.84 या मर्यादेपलीकडचे आहे. तफावतीचे मूळ बहुधा इथेच असावे.

परीक्षण संकराची (दोन्ही अप्रभावी गुणांच्या झाडाशी केलेल्या संकराची) आकडेवारी माझ्याकडे नाही, आणि गणित संगणकाविना, हातानेच करायचे आहे. एकेका गुणाचे 3:1 प्रमाणच बिघडलेले असताना चारही गट एकत्र वापरणारी कोणती रीत विश्वासार्ह ठरते, आणि ती पायरीपायरीने कशी मांडावी?