जुन्या अंकांच्या एक्सएमएलसाठी जॅट्सचं ग्रीन घ्यावं की ब्लू?

त्रैमासिकवाली
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेचं संशोधन त्रैमासिक आहे, १९५० च्या दशकापासूनचे अंक स्कॅन झालेत, टायपिंगही बऱ्यापैकी उरकलंय, आता सगळं जॅट्स एक्सएमएलमध्ये (संशोधनपर लेख टॅग लावून साठवायचं मानक) जपून ठेवायचंय. एका एजन्सीकडून एका अंकाचं सँपल करून घेतलं. त्यांनी ब्लू, म्हणजे पब्लिशिंगवालं कडक मॉडेल वापरलं. फाइल मॉडेलच्या नियमांत बसते का ते तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये एकही एरर नाही, पण फाइल उघडून वाचली आणि पोटात गोळाच आला. वाचकाच्या पत्राखाली 'एक जिज्ञासू' अशी सही होती, तिथे नाव 'एक' आणि आडनाव 'जिज्ञासू' भरलंय! 'शके १८७५' लिहिलेल्या संदर्भाला आयएसओ तारीख दिलीय १९५३-०१-०१. आणि 'तत्रैव, पृ. ४५' मधलं तत्रैव (म्हणजे 'वरच्याच पुस्तकात') उडवून तिथे आधीच्या पुस्तकाचं नाव टाकलंय. आमचे संपादक म्हणतात कडक मॉडेल असलं की डेटा स्वच्छ राहतो, मला वाटतंय ग्रीन, म्हणजे जपणुकीसाठीचं सैल मॉडेल, घ्यावं. कोणी केलंय का असं काम?

जुनाखिळा
ताई, ग्रीनच घ्या. ते जन्मलंच यासाठी. २००१ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथालयाने अभ्यास करून घेतला होता की वेगवेगळ्या प्रकाशकांचे लेख एकाच डीटीडीत (कुठला टॅग कुठे चालेल त्याच्या नियमांत) बसवून जपता येतील का, त्यानंतर २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे टॅगसेट आले आणि २०१२ मध्ये त्याचंच जॅट्स हे निसो या अमेरिकी मानक-संस्थेचं मानक झालं. ग्रीनचं तत्त्व एवढंच की लेख जसा आला तसा मावला पाहिजे, आपण त्याला कापायचं नाही. 'एक जिज्ञासू' अख्खं, न तोडता, स्ट्रिंग-नेम टॅगमध्ये ठेवा, ती सही आहे, तिला आडनाव नाहीच. संदर्भांना मिक्स्ड-सायटेशन टॅग वापरा, त्यात स्वल्पविराम, क्रम, तत्रैव सगळं छापल्याप्रमाणे राहतं. एलिमेंट-सायटेशनमध्ये फक्त तुकडे राहतात आणि विरामचिन्हं पुढे सॉफ्टवेअरने घालायची असतात, जुन्या अंकांत प्रत्येक लेखकाची पद्धत वेगळी, ती एकदा गेली की गेली.

प्रूफवाला_पुणे
थोडं वेगळं सांगतो. मी बरीच वर्षं टाइपसेटिंगमध्ये परदेशी जर्नल्सचं एक्सएमएल केलंय. तुमच्या सँपलमधल्या चुका ब्लूच्या नाहीत हो, करणाऱ्याच्या आहेत. ब्लूमध्येही मिक्स्ड-सायटेशन आहे, आयएसओ तारीख द्यायलाच हवी असंही नाही. आणि मुळात १ जानेवारी १९५३ ला शके १८७४ चालू होतं, १८७५ चैत्रात लागलं आणि १९५४ च्या एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चाललं, म्हणजे ती तारीख सरळ चूकच. इयर टॅगमध्ये १८७५ तसंच ठेवा आणि कॅलेंडर अॅट्रिब्यूटमध्ये शक लिहा, बस्स.

पण ग्रीन घेतलं की प्रश्न मिटला असं समजू नका. सैल मॉडेलमध्ये एकच गोष्ट पाच प्रकारे टॅग करता येते आणि पाच माणसं बसली की पाचही प्रकार होतातच. एकाने 'वर्ष ३, अंक २' व्हॉल्यूम आणि इश्यूत टाकलं, दुसऱ्याने साध्या परिच्छेदात सोडलं, दोन्ही फाइली व्हॅलिड, मग दहा वर्षांनी शोधायला बसाल तेव्हा अर्धे अंक सापडणार नाहीत. म्हणून कडकपणा हवाच, फक्त तो आपल्या नियमांत ठेवायचा. चार पानांची टॅगिंगची नियमावली मराठीत लिहा आणि त्यातले तपासता येतील तेवढे नियम स्कीमॅट्रॉनमध्ये (एक्सएमएल आपल्या नियमांनी तपासायची भाषा) घाला. उदाहरणार्थ तत्रैव असलेल्या संदर्भात पुस्तकाच्या नावाचा सोर्स टॅग आला की एरर. हे डीटीडी कधीच पकडणार नाही.

जुनाखिळा
हे पटलं. आणि पुढच्या नव्या अंकांना ब्लू ठेवा, तिथे लेखक जिवंत आहे, नाव कसं तोडायचं ते त्याला फोन करून विचारता येतं. ब्लू हा ग्रीनचाच उपसंच आहे, त्यामुळे नवं-जुनं एका साठ्यात नांदेल. उलट ग्रीनचं ब्लू करताना मात्र प्रत्येक फाइलवर हात फिरवावा लागतो.

त्रैमासिकवाली
दोघांचेही मनापासून आभार. संपादकांना शके १८७४ वालं दाखवलं, ते स्वतः पंचांग काढून बसले आणि मग म्हणाले जुन्यांना ग्रीन करा. नियमावलीचं पहिलं पान आज लिहिते, सुरुवात सह्यांपासून करतेय कारण टोपणनावंच तीसेक निघालीत. एजन्सीला सँपल परत पाठवलंय, 'छापलंय तेच टॅग करा, अंदाजाने काही भरू नका' एवढं ठळक लिहून.