मदत हवी आहे: गेमबॉयच्या कवचावर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) दुधाळ झाला

१९८९ च्या मॉडेलचा गेमबॉय (निन्टेंडोचा हातात धरायचा व्हिडिओ गेम) रंगवायला घेतलाय, कवच एबीएस प्लॅस्टिकचं. मागचे सहाही तीन-पाती स्क्रू काढून बोर्ड, बटणं, रबर पॅड बाजूला. ६०० नंबरचा पाणकागद (ओला घासायचा पॉलिश पेपर), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लॅस्टिक प्रायमरचा एक हात, अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे तीन पातळ हात. इथवर झकास! क्लिअर मारला आणि दहा मिनिटांत पांढरट झाक, स्क्रीनच्या कडेला जास्त. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडून पावसाळी ओल धरतो, हे कळतंय. पण कोरड्या दिवशी वरून हलका क्लिअर मारला तर झाक जाईल, की १००० ने घासून पुन्हा मारू?

शिवाय बॅटरीच्या झाकणाची खाच रंगाने भरलीय, झाकण अडकतं. कडेचा टवका न उडता तिथला रंग कसा काढायचा? टू-के (हार्डनर मिसळायचा, दोन भागांचा) क्लिअर नको, त्यातल्या आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनाला चालेल असा मास्क नाही.