‘टंकनदोष’ म्हणजे टायपिंगची चूक? बिघडलेल्या नाण्याला शब्द हवा

केळीबाग_रावेर :
अमळनेरच्या एका वाचनालयात नाण्यांचं छोटं प्रदर्शन भरतंय. मराठी पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आहे. एका काचेखाली टांकसाळीतच बिघडून बाहेर आलेली नाणी आहेत. शेजारी बाहेर कुणी कापलेली, घासलेली, व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबलेली नाणी मुद्दाम ठेवली आहेत, बघणाऱ्याला फरक कळावा म्हणून. पहिल्या गटावर मी ‘टंकनदोष’ लिहिलं, तर एका निवृत्त सरांनी विचारलं, ‘ह्यात टायपिंग कुठे आलं?’ ‘मुद्रणदोष’ करून पाहिलं, तर लोक नाण्यावरच्या अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घ शोधायला लागले. टंक काय, मुद्रा काय, दोन्ही जुने नाण्याचे शब्द, आणि दोन्ही कागदाने नेले. मला दोन वेगळे शब्द हवेत : एक टांकसाळीतल्या दोषाला, एक नंतरच्या मोडतोडीला. समितीला ‘एरर’ नको आहे.

सराफकट्टा_जळगाव :
ताई, नाणी जमवणारे सगळे ‘एरर’च म्हणतात. ‘एरर नाणं’, ‘डाय एरर’ म्हणजे ठशाची चूक, ‘ब्रॉकेज’ म्हणजे ठशाला चिकटलेल्या नाण्याची उलटी छाप. खेड्यातून आलेला माणूसही हेच बोलतो. वापरातला शब्द समितीला का नको?

बापू_चोपडेकर :
कारण आपला शब्द आहे! टंक म्हणजे चांदीचं वजन, नाणं, छिन्नीसुद्धा. टंकशाला वरून टांकसाळ. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो ती टाकीही त्याच घरची. टायपिंगला टंकलेखन म्हणायला लागलो ते अगदी अलीकडे. ‘टंकनदोष’च ठेवा. पाटी वाचून लोक शिकतील. शब्द वापरला नाही तर तो परत कसा येणार?

भुसावळ_जंक्शन :
बापू, प्रदर्शनात लोक नाणी बघायला येतात, मिनिटभर थांबतात. तेवढ्यात शब्द परत आणायचा की नाणं समजावायचं? साधं ‘टांकसाळी चूक’ लिहा.

बापू_चोपडेकर :
हिंदीत ‘टकसाली’ म्हणजे एकदम खरा, शुद्ध. रावेरपासून बुऱ्हाणपूर किती लांब? तिकडचा माणूस ‘टांकसाळी चूक’ वाचेल तर त्याला ‘अस्सल चूक’ वाटेल.

भुसावळ_जंक्शन :
मग बरोबरच आहे की. ताईंना तेच तर म्हणायचंय.

कानबाईचा_पाट :
बापूंनी टाकी सांगितली, मी टाक सांगते. आमच्या माहेरी धुळ्याला देवघरातले चांदीचे टाक घडवायचं काम होतं. ठशावर पत्रा ठेवायचा आणि वरून ठोकायचं. ठोकताना पत्रा हलला की देवाचा चेहरा दुहेरी उठायचा. आजोबा म्हणायचे, ‘ठसा सरकना, देव बिघडना’, म्हणजे ठसा सरकला, देव बिघडला. तो टाक ते कधी विकत नसत, चांदी गाळून परत पत्रा करायचे. पण नंतर पडून चेपलेला टाक असेल तर त्याला ‘बिघडना’ म्हणत नसत, ‘चेपाई गया’ म्हणत. आहेत की दोन शब्द! बिघडलेलं आणि चेपलेलं.

सराफकट्टा_जळगाव :
ताईंच्या आजोबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. शब्द नंतर ठरवू, आधी भेद पाहू, कारण शब्द त्या भेदावरच उभा राहणार. नाण्याला तीन गोष्टी लागतात : कोरी चकती, ठसा आणि ठोक. दोष ह्या तिन्हींत शिरू शकतो, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

कडेची कोर गेलेला रुपया घ्या. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पंच पडला की अशी कोर जाते. १९९२ ते २०१० पर्यंतचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. हा त्याहून हलका भरणारच, पण कानशीने घासलेलाही हलकाच भरतो, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. कोरीच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्यात ती बहुधा पुसट असते, कारण चकतीची कड उभारताना कोरीच्या बाजूला दाब घ्यायला धातूच नव्हता. कोरीजवळची अक्षरंही हळूहळू विरत जातात. नंतर कापलेल्यात अक्षर मध्येच तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते.

रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल ते भिंगातून पाहा. ठशाला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच येते. ओरखडा खोल जातो.

सगळ्यात जास्त फसगत दुहेरी आकड्यांत. ठसा बनवतानाच त्यावर आकडा दोनदा उठला असेल तर नाण्यावर दोन्ही आकडे गोलसर, उंच, आणि कोपऱ्यात फट पडलेली दिसते. तो ठसा जितकी नाणी पाडेल तितक्या सगळ्यांवर तेच. ठोक बसल्यावर ठसा जरा थरथरला किंवा घसरला तर आकड्याच्या बाजूला चपटी पायरी येते, आणि मूळ आकडाच तेवढा बारीक होतो. ह्या दुसऱ्या प्रकाराला संग्राहक किंमत देत नाहीत. विकणारे मात्र दोन्ही एकाच भावात दाखवतात.

बापू_चोपडेकर :
वा! मग चकतीदोष, ठसादोष, ठोकदोष. तिन्ही झाले.

केळीबाग_रावेर :
‘ठोकदोष’ वाचून व्यापारी माणसाला घाऊक दोष वाटेल. आणि घाऊक तर ठशाचा दोष असतो, सराफदादांनी सांगितलं तसं.

मोड_आहे_का :
‘खोट’ का नको? खोट म्हणजे उणीव, धातूतली भेसळही. ‘धंद्यात खोट आली’ म्हणतोच. सोपा शब्द, पाटीवर मावतो.

भुसावळ_जंक्शन :
‘खोट असलेलं नाणं’ आणि ‘खोटं नाणं’ ह्यात वाचणाऱ्याने अनुस्वार चुकवला की संपलं. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे दहाचं नाणं कुणी घेत नव्हतं, आठवतंय ना? रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं, किरण दहा असले तर खरं. भाजीवाल्या बाईपासून कंडक्टरपर्यंत सगळे नाणं परत करायचे. शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. त्या काळात माझ्या आईचे दुधाचे पैसे अडकले होते. ‘खोट’ हा शब्द नाण्याजवळ नेऊ नका.

मोड_आहे_का :
दोष नाण्याचा नव्हता, अफवेचा होता. त्यासाठी चांगला शब्द का टाकायचा? ‘बट्टा’सुद्धा नाण्याचाच शब्द. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं बदलताना सराफ जे कापून घ्यायचा तो बट्टा. तो बदनामीला लागला तरी आपण वापरतोच.

सराफकट्टा_जळगाव :
अफवेवरून एक सांगतो, ताई, पाटीवर जरूर लिहा. वर्षाखालची खूण टांकसाळ सांगते : मुंबईची पत्त्यातल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब, आणि कोलकात्याची खूणच नसते. ‘खूण विसरलेलं दुर्मिळ नाणं’ म्हणून कोलकात्याचं साधं नाणं विकायला काढतात. टिंबालाही दोष म्हणतात. जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा, असे निरोप तर रोज येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. आमच्या गल्लीत एक म्हातारे बाबा असल्या नाण्यांचा डबा घेऊन आले होते. त्यांना नाही म्हणताना फार जड गेलं.

बापू_चोपडेकर :
बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतले मोगली रुपयेही प्रदर्शनात आहेत का? त्यांना दोषाच्या काचेखाली ठेवू नका. ते हाताने ठोकलेले. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर क्वचितच येतो. छाप एका बाजूला सरकलेली म्हणून त्याला दोष म्हणणं हा त्या कारागिरावर अन्याय आहे. आईन-ए-अकबरीत दोन ठशांमध्ये चकती ठेवणाऱ्याला ‘सिक्कची’ म्हटलंय, हातोडा मारणारा वेगळा. तिथे सरकणं हीच रीत होती. यंत्रावर कॉलरमध्ये (चकतीला घेरणाऱ्या कड्यात) पाडलेल्या नाण्यात छाप सरकली तरच तो दोष. बघा, मराठीत नाणी ‘पाडतात’. ‘पाडणीचा दोष’ म्हणा.

कानबाईचा_पाट :
बापू, ‘पाडणी’ ऐकून आमच्याकडे नारळ आणि आंबे आठवतात. आणि तुम्ही ‘टंकनदोष’ सोडलात का?

बापू_चोपडेकर :
सोडला नाही. पण टाकसाळ लिहायचं की टांकसाळ हे आधी ठरवा, मी अनुस्वाराच्या बाजूचा आहे. टंकातला अनुस्वार आहे तो.

मोड_आहे_का :
बोलण्यात मी तरी कधी ऐकला नाही. ‘टाकसाळ’. देवाच्या टाकावर तरी कुठे अनुस्वार देता?

केळीबाग_रावेर :
अहो, दुसऱ्या गटाला अजून शब्द नाही. एक पाच रुपयाचं नाणं आहे, त्याच्या एका बाजूला दुसऱ्या नाण्याची उलटी, आत गेलेली छाप आहे. ते कुठल्या काचेखाली?

सराफकट्टा_जळगाव :
दुसरी बाजू बघा. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर ठोकली गेली, तर एक बाजू उलटी आणि आत, पण दुसरी बाजू नेहमीसारखी पूर्ण उठलेली असते. बाहेर कुणी दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये दाबली असतील तर मूळ छापाचे अवशेष त्या उलट्या अक्षरांखाली दिसतात, आणि मागच्या बाजूचे सिंह चपटे झालेले असतात. मागचा फोटो टाका ताई, मग सांगतो.