चित्रकलेच्या तासाला मांगा आणि सिनेमाची पोस्टरं: तुमचं मत काय?

रेघोट्या:
मी सातवी-आठवीला चित्रकला शिकवते. वर्गात काय घ्यायचं हे ठरवताना मुलांच्या वह्यांची मागची पानं बघते. तिथे मांगातले, म्हणजे जपानी चित्रकथांमधले, योद्धे असतात, क्रिकेटपटू असतात, सिनेमांच्या नावांची अक्षरं असतात. काही सहकाऱ्यांना आणि पालकांना हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की मुलाचा जीव ज्या चित्रात अडकलाय, तिथूनच त्याला रचना शिकवावी.

मी मांगाची एक चौकट मोठी करून फळ्यावर लावते. पात्राबद्दल, गोष्टीबद्दल बोलायचं नाही. काळं किती, पांढरं किती? नजर आधी कुठे जाते? वेगाच्या रेषा कुठून निघतात? हे झालं की त्याच युक्त्या वापरून घरातलं एखादं काम चार चौकटींत काढायचं. एका मुलाने आईचं भाकरी करणं काढलं. पहिल्या चौकटीत नुसती परात, दुसरीत थापणारे हात, तिसरीत उडणारं पीठ आणि त्यातून फाकलेल्या रेषा, चौथीत चौकटभर एकच टम्म फुगलेली भाकरी. हाच मुलगा वस्तुचित्राच्या तासाला तांब्या आणि दोन वांगी कशीबशी उरकतो.

गेरू:
ताई, मला हे मान्य नाही. मी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या मुलांना बरीच वर्षं शिकवतोय. स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, भाजीबाजार दिला की काय येतं सांगतो. भाजीवालीचे डोळे अर्धा चेहरा व्यापणारे, हनुवटी टोकदार, पदराखालून केसांचे काटे. आणि हात टोपलीच्या मागे! गिऱ्हाईक उभं असेल तर त्याचे हात खिशात. चेहऱ्याचा साचा पाठ असतो, हाताचा नसतो, म्हणून हात लपवायचे. ही मुलं बाजारात रोज जातात, पण उकिडवं बसलेल्या बाईचा गुडघा कुठे येतो हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. आपण शिक्षकांनीही तेच साचे फळ्यावर लावले तर बघायला शिकवणार कोण?

पंचगंगा:
गेरू सर, साच्यांबद्दल बोलताय ते बरोबर, पण लोकप्रिय कलेला दाराबाहेर ठेवून महाराष्ट्राची चित्रकला सांगताच येणार नाही. आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. तिथून ते सिनेमात गेले, स्वतः कॅमेरा बनवला, पोस्टरंही रंगवली. चित्रकार एम. एफ. हुसेन 1930 च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि रविवर्म्याच्या लोणावळ्याच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध होता. घराघरांत लागलेल्या देवादिकांच्या तसबिरी तिथे छापल्या जात. ही तेव्हाची लोकप्रिय संस्कृतीच होती ना?

गेरू:
होती. पण पंधरा-वीस फुटी फलकावर चेहरा उभा करायचा तर चौकोन आखून प्रमाण साधावं लागतं, कपाळावरचा उजेड आणि गळ्याखालची सावली कळावी लागते. त्या माणसांची नजर आणि हात आधी तयार होते. बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, घरातच कारागिरी शिकले. तरी ती शिस्तच होती. आठवीच्या मुलाकडे ती अजून नाही, आणि आठवड्याला मिळणारे एक-दोन तास मी मांगावर खर्च करणार नाही.

दहावीची_आई:
माझा प्रश्न साधा आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षी), अक्षरलेखन येतं. मुलीने त्याचा सराव करायचा की चौकटी काढत बसायचं? तिला चित्रं आवडतात याचा मला आनंदच आहे, पण वेळ तेवढाच आहे.

सहाबी_पेन्सिल:
मी पुण्यात ॲनिमेशनमध्ये काम करते. कामासाठी मुलं चित्रं घेऊन येतात तेव्हा आम्ही सगळ्यात आधी हात, पाय आणि कपड्यांच्या चुण्या बघतो. त्यामुळे गेरू सरांचा भाजीबाजार मला चांगलाच ओळखीचा आहे. पण दोष मांगाचा नाही. जुना जपानी चित्रकार होकुसाई याच्या 'मांगा' नावाच्याच रेखाटनांचा पहिला खंड 1814 साली आला, पुढे एकूण 15 झाले. त्यात पैलवान, कारागीर, पक्षी, मासे, आंघोळ करणारी माणसं, सगळं अगदी निरखून काढलेलं आहे. आजचे चांगले मांगाकारही माणसाचं शरीर जाणूनच डोळे मोठे करतात. मुलांना दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा. शिक्षकाने त्याच्या आधीचं दाखवावं.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही: श्रेय. अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनचं 1963 चं लढाऊ विमानाचं भलंमोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते ज्या कॉमिकच्या चौकटीवरून घेतलं, ती अर्व्ह नोविक यांनी काढली होती. जगाला लिक्टेनस्टाइन माहीत, नोविक कुणाला? वर्गात चौकट लावाल तेव्हा तिच्या चित्रकाराचं नाव खाली लिहा. तिथेही एक माणूस राबलेला असतो.

रेघोट्या:
चित्रकाराचं नाव मी फळ्यावर लिहितेच, पुढे मुलांनाही त्यांच्या कागदामागे लिहायला लावेन.

दहावीची_आई, संकल्पचित्रात दिलेल्या आकारात गडद-फिकं कसं वाटायचं हेही बघतात. आमच्या वर्गात मांगाच्या चौकटीवर नेमकं तेच चालतं, सराव बुडत नाही.

गेरू सर, हात लपवण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: चारपैकी निदान दोन चौकटींत हात दिसलेच पाहिजेत, काहीतरी करताना, आणि ते घरच्या माणसाला समोर बसवून काढायचे. भाकरी थापणारे हात त्या मुलाने असेच काढले होते. तळव्याची बाजू चुकली होती. ती त्यानेच खोडून पुन्हा काढली, कारण आई "माझा अंगठा असा नाही" म्हणाली. तांब्या-वांग्यांसाठी तो एवढं कधीच खोडत नाही.

गेरू:
हा नियम चांगला आहे, मीही लावून बघेन. पण माझ्या वर्गात क्रम उलटा राहील. आधी आईचे हात, मग चौकट. मांगाचं पान मी त्यानंतरच उघडू देईन.

रेघोट्या:
सर, तुमच्याकडे मुलं चित्रकलेसाठी आपणहून येतात. माझ्याकडे अख्खा वर्ग असतो, त्यातल्या निम्म्यांना पेन्सिल धरायचाच कंटाळा. त्यांच्यासाठी मांगाचं पान मी आधीच उघडणार.