मदत हवी आहे : वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची मेडल्सच नाहीत, नोंद कशी करून घ्यावी?

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, शेती करतो. प्रश्न बाबांच्या फौजेतल्या कागदांचा आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा १९६६ ला पायदळात भरती झाले आणि १९८३ ला नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. रेजिमेंटचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या दफ्तराची तक्रार येणार आहे आणि बाबांना ते खपायचं नाही. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण आगरतळ्याच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात शिरली. चार-पाच दिवसांतच गोळ्याचे तुकडे त्यांच्या डाव्या पोटरीत घुसले. आधी फील्ड अँब्युलन्स (आघाडीमागचा फौजी दवाखाना), मग कलकत्त्याचं कमांड हॉस्पिटल. तीन महिन्यांनी सुट्टी झाली, पण मेडिकल कॅटेगरी खाली आल्यामुळे परत पलटणीत न पाठवता रेजिमेंटच्या सेंटरला डिपो कंपनीत ठेवलं. दीड वर्षानं दुसऱ्याच पलटणीत बदली.

आता डिस्चार्ज बुकात मेडलच्या पानावर दोनच नोंदी आहेत. सामान्य सेवा मेडल, 'मिझो हिल्स'च्या पट्टीसह, आणि नऊ वर्षांचं दीर्घ सेवा मेडल. ७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांचा 'पूर्वी स्टार' नाही, त्याच लढाईचं संग्राम मेडल नाही. म्हणजे कागद पाहिला तर हा माणूस ७१ च्या लढाईला गेलाच नव्हता.

इतकी वर्षं आम्हालाही पत्ता नव्हता. बाबा कधी बोलले नाहीत. मागच्या १६ डिसेंबरला तालुक्याला विजय दिवसाचा कार्यक्रम होता, माजी सैनिकांना बोलावलं होतं. ऐन कपाशी वेचणीचे दिवस, तरी मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो. शेजारच्या खुर्चीवर दिग्रसकडचे एक काका होते, ७१ ला राजस्थानात गाडी चालवायचे. त्यांच्या छातीवर पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, पिन सैल होऊन पट्टी कलंडलेली. बाबांनी उठून ती पट्टी सरळ करून दिली, हातानं माप घेऊन, अगदी परेडीला लावतात तशी. मग आपल्या जागेवर येऊन बसले. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "आता मेडल लावून काय डवरा हाकाचा हाये का बापा?"

त्यानंतर मी काळी ट्रंक उघडली. अर्धे कागद उधईनं खाल्ले होते. उरलं ते असं : डिस्चार्ज बुक (एक कोपरा गेलेला), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आणि आजीनं जपलेली चार पत्रं. पत्रांवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नंबर, नाव, कंपनी आणि 'मार्फत ९९ एपीओ'. हॉस्पिटलचा एकही कागद नाही.

मी रेकॉर्ड ऑफिसला दोनदा साध्या टपालानं पत्र लिहिलं. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं, की उपलब्ध नोंदींनुसार सदर व्यक्तीस अन्य पदक देय नाही. कोणत्या नोंदी पाहिल्या, त्याचा एक शब्द नाही.

आता पुढे काय करू? कोणता कागद कुठून मिळतो? आणि पन्नासहून जास्त वर्षांनी ही नोंद होते तरी का? बाबांचं वय ७८ आहे.

---

वर्धाकाठ

मेडल मिळालं तर पैसे किंवा सवलत काही मिळते का? नसेल तर या वयात त्यांना कशाला फिरवता, असं आपलं मला वाटतं. राग मानू नका.

---

पांदणवाट

राग नाही. पैशासाठी नाहीच. माजी सैनिक म्हणून ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ आहे, पेन्शन चालू आहे. आणि फिरणार मीच आहे, ते घरीच राहतील.

---

जुना क्लार्क

मी सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. हयात पार्ट टू ऑर्डरी (जवानाच्या बदली, जखम वगैरे नोंदींचे हुकूम) काढण्यात गेली. तुमच्या बाबांचं काय झालं असेल ते तुमच्याच मजकुरात आहे. लढाईनंतर पलटणी मेडलसाठी नावांच्या याद्या पाठवतात. ज्या दिवशी यादी बनली त्या दिवशी तुमचे बाबा पलटणीच्या पटावर नव्हते, हॉस्पिटलमध्ये होते. पलटणीला वाटलं डिपो पाठवेल, डिपोला वाटलं पलटणीनं पाठवलं असेल. नव्या पलटणीला तर जुन्या लढाईशी घेणंच नाही. जखमी होऊन मागे गेलेल्या माणसांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. धडधाकट परत आला त्याला मेडल, आणि रक्त सांडलं तो यादीबाहेर!

तुमची चूक अशी झाली की सगळं एकत्र मागितलंत. 'राहिलेली मेडल्स द्या' असं लिहिलं की क्लार्क शीट रोल (जवानाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद) उघडतो, तिथे नोंद नाही हे बघतो आणि 'देय नाही' लिहून फाइल बांधतो. नोंद नाही हीच तर तुमची तक्रार! प्रत्येक मेडलचं नाव घेऊन, ते कशावर मिळतं ते दाखवून मागा.

सगळ्यात आधी एक सोपं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो फौजेत होता त्याला आहे. १९६६ ते १९८३ नोकरी असलेल्या माणसाला ते मिळायलाच हवं, त्याला लढाईचा पुरावा लागत नाही. तुमच्या पानावर तेही दिसत नाही, आणि तुम्ही धाग्यात त्याचं नावसुद्धा घेतलं नाहीत. ते पहिल्या क्रमांकावर लिहा. फक्त भरतीची आणि डिस्चार्जची तारीख बघून ज्याला नाही म्हणता येत नाही ते मेडलसुद्धा राहून गेलंय, म्हणजे यांच्या नोंदी अर्धवट आहेत हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होतं. मग बाकीच्यांना 'उपलब्ध नोंदींनुसार' म्हणून टोलवणं जड जातं.

दुसरं संग्राम मेडल. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरलेल्या भागांत नोकरी केलेल्यांना ते आहे. त्रिपुरा, आसाम, पश्चिम बंगाल त्यात येतात. पूर्वी स्टारचं क्षेत्र त्याहून आवळ, प्रत्यक्ष पूर्वेची रणभूमी. तो शेवटी मागा.

आणि एक राहिलं. जखमी झाल्याचं वेगळं मेडल असतं, पराक्रम पदक, १९७३ ला सुरू झालं. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झाली तर ते लागू होतं. त्यासाठी जखमेची पार्ट टू ऑर्डर आणि मेडिकल कागद लागतील. आणि गंमत बघा, ती ऑर्डर सापडली की पूर्वी स्टारचाही पुरावा तोच. माणूस पूर्वेच्या आघाडीवर जखमी झाला म्हणजे तो तिथे होता, अजून काय सिद्ध करायचं?

पोटरीच्या जखमेवर डिसॅबिलिटी लागली होती का, किती टक्के, हेही विचारून घ्या. पण तो विषय वेगळ्या कागदावर. बाबांचं नाव सर्व्हिस रेकॉर्डात आणि आधारवर सारखं आहे ना?

---

पांदणवाट

सुभेदार साहेब, नमस्कार. पंचविसाव्या वर्षाचं मेडल असतं हेच मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ते तं सगळ्याईले भेटलं होतं." मग तुम्हाले? तर गप्प.

नावात फरक आहे. रेकॉर्डात आजोबांच्या नावापुढचं 'जी' नाही, आधारवर आहे.

---

जुना क्लार्क

तो 'जी' आत्ता काढू नका, घालूही नका. अर्जावर रेकॉर्डात आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगनं, सोबत आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर. नाव दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात असं सगळं लागतं, ते या अर्जात घुसलं की मेडल राहील बाजूला.

---

खडीसाखर

आमच्या आजोबांसाठी मी हे केलंय, ते तोफखान्यात होते, रेकॉर्ड नाशिकरोडला. दोन गोष्टी सांगते.

आधी माहितीचा अधिकार वापरा. बीएसएफ, सीआरपीएफ यांना त्या कायद्यातून बरीच सूट आहे, लष्कराला तशी नाही. पण अर्ज बाबांच्या नावानं आणि सहीनं करा. मी पहिल्यांदा माझ्या नावानं केला तर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून परत आला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि मागायचं काय तर शीट रोलची, १९७१-७२ मधल्या त्यांच्या नावाच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरींची आणि मेडिकल कागदांची साक्षांकित प्रत. 'मेडल का दिलं नाही' असं विचारू नका, त्याला 'ही माहिती नाही' असं उत्तर येतं. कागद मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.

कागद हातात आले की मग मेडलचा अर्ज, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. त्यांचं पत्र सोबत गेलं की आवक क्रमांक पडतो, विचारायला जागा राहते. आमचा साध्या टपालाचा अर्ज गडप झाला होता, तुमचा पहिला झाला तसाच.

आजोबांच्या मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे. आजी अजून चष्मा लावून ते वाचते.

---

टपालखाते प्रेमी

त्या चार पत्रांना प्लॅस्टिकमध्ये घाला आधी! ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे फौजेचे दोन मोठे टपालपत्ते. ५६ चं टपाल दिल्लीहून फुटतं, ९९ चं कलकत्त्याहून, म्हणजे ९९ हा पूर्वेकडच्या फौजेचा पत्ता. शिवाय पत्रावर गोल शिक्का असेल, त्यात एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) लिहून एक नंबर असतो. गावाचं नाव मुद्दाम नसतं, शत्रूला कळू नये म्हणून, पण तो नंबर आणि तारीख असते. १९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरची तारीख असलेलं एक जरी पत्र निघालं तरी तुमचे बाबा त्या काळात कुठे होते याचा तो कागद आहे. दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा, मूळ पत्र कुणालाही देऊ नका, कितीही मोठा साहेब असला तरी. (फौजी टपालाचं सेंटर आपल्या कामठीलाच आहे, हे जाता जाता.)

---

वर्धाकाठ

एक विचारू? दिल्लीकडे ही मेडल्स दुकानात विकत मिळतात म्हणे. १६ डिसेंबरच्या आधी एक सेट आणून दिला तर?

---

जुना क्लार्क

नको. नोंद नसताना लावलेलं मेडल त्यांच्या पलटणीतला एखादा भेटला की पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं. ज्या माणसानं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, तो विकत आणलेलं छातीला लावेल असं वाटतं का तुम्हाला?

---

पांदणवाट

पत्रं बघितली. तीन पत्रांचे शिक्के पुसट आहेत. चौथ्यावर एफपीओचा नंबर वाचता येतो आणि तारीख २७ नोव्हेंबर ७१. मजकुरात कपाशीचा भाव विचारलाय आणि पांढऱ्या बैलाचं काय झालं ते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. बाबांनी सही केली, पण आधी तीनदा वाचला आणि 'सेवेत' च्या खाली आपला नंबर स्वतःच्या हातानं लिहिला. नंबर बघायला डिस्चार्ज बुक उघडावं नाही लागलं.

एकच अडचण. आमच्या गावच्या पोस्टात पोस्टल ऑर्डर नाही, दारव्ह्याला जावं लागेल. ती कुणाच्या नावानं काढायची?

---

खडीसाखर

'अकाउंट्स ऑफिसर' लिहा. स्पीड पोस्टनं पाठवा, पोच सोबत जोडायला सांगा, आणि पोस्टल ऑर्डरचा नंबर अर्जात लिहायला विसरू नका.