कुलपात खोबरेल नको
दादा, कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बाहेरच्या कप्प्याची किल्ली अडकते म्हणून तुम्ही कुलपात खोबरेल सोडलंत, तिथंच घोळ झाला. आपल्या सोलापुरात धूळ बारमाही. ती तेलावर बसते आणि आत काळा चिखल होतो. तुळजापूरहून परतताना मी असंच कुलूप जोरात पिळलं, तर किल्लीचं टोक आतच मोडलं. तेव्हापासून फक्त ग्रॅफाइटची पूड फुंकतो, किल्ली चार वेळा फिरवतो आणि पात्याला लागलेलं काळं फडक्यानं पुसतो.

बदलायचंच असेल तर मागचा नट सोडवून जुनं कुलूप दुकानात सोबत न्या. नळीची लांबी आणि मागच्या पट्टीचा बाक जुळलाच पाहिजे, नाहीतर दार खडखडत राहतं. आणि हो, अमेरिकी बनावटीच्या बऱ्याच कॅम्परच्या बाहेरच्या कप्प्यांना सीएच ७५१ या आकड्याची एकच किल्ली चालते, म्हणजे दुसऱ्याच्या किल्लीनंही तुमचा कप्पा उघडू शकतो. तुमच्या किल्लीवर तो आकडा असेल तर कुलूप आजच बदला.