विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या छात्राध्यापकांची प्रयोगाची भीती कशी घालवावी?

प्रश्न
अध्यापिका, शिक्षणशास्त्र विभाग, मराठवाडा

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बी.एड.च्या विद्यार्थ्यांना विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवते. गेल्या आठवड्यात सराव पाठाचे निरीक्षण करताना जे पाहिले, ते मनातून जात नाही, म्हणून येथे मांडत आहे.

वर्ग नववीचा होता आणि घटक धाराविद्युत. ओहमचा नियम (विभवांतर दुप्पट केले तर धाराही दुप्पट होते) पडताळून दाखवण्यासाठी आमच्या छात्राध्यापकाने, म्हणजे बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्याने, विजेरीचा छोटा बल्ब, दोन सेल, व्होल्टमीटर आणि ॲमीटर यांची व्यवस्थित जोडणी केली होती. एका सेलवर ॲमीटरने ०.२२ अँपिअर दाखवले. दोन सेल जोडल्यावर काटा ०.३२ वर थांबला. छात्राध्यापकाने क्षणभर काट्याकडे पाहिले आणि फळ्यावर ०.४४ लिहिले. वाचन घेण्यासाठी पुढे बोलावलेला मुलगा हळूच म्हणाला, "सर, काटा तिथं नाही." त्यावर "उपकरण जुने आहे" असे उत्तर त्याला मिळाले आणि पाठ पुढे सरकला.

उपकरणात काहीही बिघाड नव्हता. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे विभवांतर दुप्पट झाले तरी धारा दुप्पट होत नाही. "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना" ही अट त्याच छात्राध्यापकाने पाच मिनिटांपूर्वी वर्गाला लिहून दिली होती. त्या अटीचा अर्थ सांगणारा याहून चांगला प्रसंग त्याला शोधूनही सापडला नसता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला. मला वाईट वाटले ते याचे. छात्राध्यापक अभ्यासू आहे, पदवीला भौतिकशास्त्र घेतलेला आहे. परंतु ही जोडणी त्याने वर्गात जाण्यापूर्वी एकदाही करून पाहिलेली नव्हती, आणि तशी सक्ती मीही केलेली नव्हती.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीमुळे बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासितेसाठी (शाळेत राहून करायच्या अध्यापनाच्या सरावासाठी) वीस आठवडे मिळाले, त्यांतील सोळा दुसऱ्या वर्षात. कागदावर हा वेळ पुरेसा दिसतो. प्रत्यक्षात पहिले वर्ष सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांच्या छोट्या पाठांतून एकेका कौशल्याचा सराव), पाठ टाचणे (पाठांच्या लेखी योजना), घटक नियोजन आणि लेखी परीक्षा यांतच सरते, आणि प्रयोगशाळेचे दार फारसे उघडत नाही. दुसरी अडचण तंत्रज्ञानाची आहे. आपल्या राज्यातील नववी-दहावीच्या विषयाचे नावच विज्ञान आणि तंत्रज्ञान असे आहे, तरी आमच्या विद्यार्थ्यांच्या टाचणात तंत्रज्ञान म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवलेली चित्रफीत, इतकाच अर्थ उरला आहे.

आपल्यापैकी ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की प्रयोगाला वेळ द्यायचा तर तो कशातून काढावा, आणि जे वाचन आले तेच फळ्यावर लिहिण्याचे धैर्य विद्यार्थ्यांत कसे आणावे?


प्रतिसाद १
माध्यमिक विज्ञान शिक्षक, बीड जिल्हा

मॅडम, आमच्या शाळेत दरवर्षी आंतरवासितेसाठी छात्राध्यापक येतात, त्यामुळे आपण लिहिलेला प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत पुष्कळदा पाहिला आहे. याचे मूळ बी.एड.च्याही आधी आहे, असे माझे मत आहे. दहावीला प्रात्यक्षिकाचे वीस गुण असतात, आणि ते मिळवण्यासाठी मार्गदर्शक पुस्तकातील वाचने वहीत उतरवण्याची सवय ज्याला शाळेतच लागली, तो शिक्षक झाल्यावर ०.४४ लिहिणारच. ती सवय मोडायची असेल तर ज्या प्रयोगाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, असा प्रयोग त्याच्या हातात द्यावा लागतो.

मी येणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाला पाण्याचा प्रयोग देतो. मुलांना घरून बाटलीत पाणी आणायला सांगायचे: कोणी बोअरचे, कोणी विहिरीचे, कोणी जारचे, आणि पावसाळा असेल तर पत्र्यावरून धरलेले. प्रत्येकाचे दहा मिलिलिटर पाणी परीक्षानळीत घ्यायचे, साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकून नळी हलवायची आणि फेस अर्धा मिनिट टिकेपर्यंत लागलेले थेंब मोजायचे. जारच्या पाण्याला थोडक्या थेंबांत फेस येतो, बोअरच्या पाण्याला मोजता मोजता मुले थकतात. मग तेच बोअरचे पाणी उकळून, निवळून पुन्हा मोजायचे. थेंब कमी लागतात, पण बहुधा जारच्या पाण्याइतके कमी नाहीत. हा जो फरक उरतो तो कायम दुष्फेनतेचा, म्हणजे उकळूनही न जाणाऱ्या क्षारांचा, आणि तो धुण्याच्या सोड्याने जातो. पुस्तकातला दुष्फेन हा शब्द मुलांना परका वाटतो, परंतु आई ज्याला जड पाणी म्हणते, ज्यात डाळ शिजत नाही आणि ज्याचा पांढरा थर पातेल्याच्या तळाशी धरतो, ते पाणी त्यांच्या ओळखीचे असते.

एका वर्षी एका छात्राध्यापिकेने साबणाऐवजी कपडे धुण्याची पावडर विरघळवून आणली. सगळ्याच नळ्यांना जवळपास सारखेच थेंब लागले आणि ती रडकुंडीला आली. मी तिला तो पाठ थांबवू दिला नाही. "असे का झाले असेल?" हा प्रश्न तिने वर्गाला विचारला, मुलांनी दुसऱ्या दिवशी घरून साबणाच्या वड्यांचे तुकडे आणले आणि साबण व अपमार्जक यांतील फरक त्या वर्गाला जितका कळला तितका माझ्या व्याख्यानाने कधी कळला नव्हता. असे असले तरी प्रयोग आदल्या संध्याकाळी करून पाहणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, आणि त्यातून तिची सुटका मी केली नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बरीच मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. नेमके प्रयोग त्यांचे बुडतात. परत आलेल्या पाच-सहा मुलांना घेऊन तोच प्रयोग मधल्या सुट्टीत पुन्हा मांडणे हे काम आपण छात्राध्यापकांना अवश्य द्यावे. तिथे निरीक्षक नसतो, गुणही नसतात, आणि म्हणूनच त्यांचा हात मोकळा होतो.


प्रतिसाद २
नवशिक्षिका, परभणी जिल्हा

मी अलीकडेच बी.एड. पूर्ण केले आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते. ०.४४ लिहिणाऱ्या त्या मुलाच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकते. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असताना पाठ घड्याळाप्रमाणे पुढे न्यायचा असतो, आणि टाचणाच्या "अपेक्षित निष्कर्ष" या रकान्यात आदल्या रात्रीच उत्तर लिहून झालेले असते. काटा वेगळे काही सांगू लागला की टाचण खोटे ठरते, मग आम्ही काट्याला खोटे ठरवतो.

दुसरी भीती मोडतोडीची असते. मी जिथे आंतरवासिता केली, तिथे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कार्यालयात असे, आणि प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढवलेली असल्यामुळे ती मोडली तर जबाबदारी कोणाची, हा विचार आधी मनात येई. आम्ही साहित्य मागणेच सोडून दिले होते. विभागाने शाळेशी आधीच बोलून फुटलेल्या परीक्षानळीचा भार स्वतः घेतला, तर निम्मी भीती तेथेच संपेल.

मात्र सूक्ष्म अध्यापनातून वेळ काढावा, असे कोणी सुचवणार असेल तर माझा विरोध आहे. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे ते चक्र मला फार उपयोगी पडले, कारण त्याआधी मी फळ्याकडे तोंड करूनच बोलत असे. त्या चक्रातील पाठ प्रयोगाचा असावा, एवढीच माझी विनंती आहे. प्रश्न विचारण्याचे कौशल्य ॲमीटर समोर ठेवूनही शिकता येते.


प्रतिसाद ३
अध्यापकविद्यालयातील निवृत्त प्राध्यापक, लातूर

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, विशेषतः सूक्ष्म अध्यापनाविषयीच्या सूचनेशी. वेळ कशातून काढावा, हा प्रश्न त्या सूचनेमुळे बराचसा सुटतो.

धैर्याबद्दल एक जुना दाखला देतो. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. तेथील शिक्षक प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य असे, की मुलांनी करायचे प्रयोग शिक्षक आधी स्वतः, मुलांसारखेच गटात बसून करीत, आणि पुढे मासिक बैठकांत आपल्या वर्गात काय झाले, काय फसले हे एकमेकांना सांगत. अपयश उघडपणे सांगण्याची जागा ठरलेली असल्यामुळे ते लपवण्याचे कारण उरत नसे. आपल्या विभागात आंतरवासितेच्या काळात दर पंधरवड्याला अशी एक दुपार राखून ठेवणे मुळीच अवघड नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले, की विषय येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे, आणि हा विषय या मुलांना कसा शिकवावा हे ज्ञान त्या दोहोंहून वेगळे. आपल्याकडील आशययुक्त अध्यापनाचा अभ्यासक्रमही याच जागेसाठी आहे, पण तो बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकाच्या विश्लेषणाचे तक्ते भरण्यात संपतो.

आता तंत्रज्ञानाविषयी. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आजही घराघरांत आठवली जाते. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यमच होती, सुमारे ६.२, परंतु केंद्र उथळ होते, लोक गणेश विसर्जनानंतर गाढ झोपेत होते, आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छत, होते. हजारो माणसे त्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून एक साधे काम करून घेत असे. एका फळीखाली चार गोट्या ठेवून ती हलती करायची, तिच्यावर नुसत्या ओल्या मातीने जोडलेल्या खडे-विटांच्या तुकड्यांची एक भिंत आणि मध्ये काड्यांची पट्टी घातलेली दुसरी भिंत उभी करायची, दोन्हींवर सारखे वजन ठेवायचे आणि फळी हलवायची. पुढे मोबाइल हाती आल्यावर त्यात भर पडली. फोनमध्ये त्वरण मोजणारा संवेदक असतोच, आणि फायफॉक्ससारख्या मोफत ॲपमध्ये त्याचा आलेख डोळ्यांसमोर उमटतो. फोन फळीवर चिकटवला, की किती त्वरणाला कोणती भिंत पडली हे मुले आकड्यात सांगू लागतात.

येथे फोन चित्र दाखवत नाही, मोजमाप करतो, आणि भिंतीतली पट्टी हे तर निखळ तंत्रज्ञान आहे. छात्राध्यापकाच्या टाचणात तंत्रज्ञान आले की नाही हे तपासताना मी एकच गोष्ट विचारत असे: या साधनामुळे मुलांना असे काय करता आले, जे एरवी करता आले नसते? ज्या घरांतील आजी-आजोबांनी ती पहाट पाहिली आहे, त्या घरांतील मुलांसमोर हा पाठ घेताना आधी शाळेतील शिक्षकांशी बोलून घ्यावे, एवढी सूचना मात्र मी प्रत्येक वेळी देत असे.


मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल विभागातील सहकाऱ्यांबरोबर बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. सूक्ष्म अध्यापनाची निम्मी चक्रे यापुढे प्रयोगावरच होतील. टाचणातील "अपेक्षित निष्कर्ष" या रकान्याशेजारी "आदल्या दिवशी करून पाहिले तेव्हा प्रत्यक्ष आलेले वाचन" असा रकाना राहील, आणि तो रिकामा असेल तर पाठाला परवानगी मिळणार नाही. फुटलेल्या काचसामानाचा खर्च विभाग करील, हेही शाळांना पत्राने कळवत आहोत. पंधरवड्याच्या दुपारीची सुरुवात मी स्वतःपासून करणार आहे, कारण तो पाठ संपल्यावर मीही निरीक्षणवहीत "साहित्याचा वापर चांगला" असाच शेरा लिहिला होता.

त्या छात्राध्यापकाने पुन्हा त्याच वर्गावर जाऊन तोच प्रयोग करण्याची इच्छा दाखवली आहे. आधी बल्ब आणि मग नायक्रोमची तार (तापली तरी जिचा रोध फारसा बदलत नाही अशी), असे दोन्ही आलेख त्याला शेजारी शेजारी काढून घ्यायचे आहेत. शाळेत नायक्रोमची तार नाही. ती सहज कोठे मिळेल?


प्रतिसाद ४
माध्यमिक विज्ञान शिक्षक, बीड जिल्हा

विजेच्या दुकानात शेगडीची सुटी कॉइल मिळते, ती नायक्रोमचीच असते. १००० वॉटची घ्यावी. २३० व्होल्टवर तिचा रोध गणिताने ५३ ओहमच्या आसपास येतो. दहावीच्या मुलांनाही तो काढता येईल. नंतर मल्टिमीटरने मोजून पाहावा, थंड असताना तो थोडा कमी भरेल. निम्मी कॉइल कापून घेतली तर चार सेलवर पाव अँपिअरच्या आत धारा राहते, तार तापत नाही आणि आलेख सरळ येतो. कॉइल ताणून लाकडी पट्टीवर दोन खिळ्यांत बसवावी, वेटोळी एकमेकांना चिकटू देऊ नयेत. घरातल्या विजेला ती कोणत्याही कारणाने जोडू नये, हे मुलांना सुरुवातीलाच बजावावे. आणि ज्या मुलाने काटा वाचला होता, त्यालाच या वेळीही वाचनाला बोलवावे.